गोधडीला पडद्याचं कापड घेताय? आधी सुई टोचून बघा

शेतातली कामं जरा हातावेगळी झाली की गावोगावी गोधड्या शिवायला निघतात. पूर्वी वर-खाली लुगडं आणि पोटात जुनं धोतर-साडी, असा सगळा घरचाच माल असायचा. आता घरात सुती साडीच राहिली नाही. म्हणून तालुक्याच्या दुकानातून किंवा आठवडी बाजारातल्या कटपीसच्या ढिगातून पडद्याचं, सोफ्याचं कापड आणून गोधडीला लावायची पद्धत वाढली आहे. कापड दिसायला झकास असतं, पण सगळंच गोधडीला चालत नाही.

एक फायदा खरा आहे, पन्ह्याचा. पडद्याच्या कापडाचा पन्हा बहुतेक 48 किंवा 54 इंच असतो. साडेचार बाय साडेसहा फुटाची गोधडी करायची, तर 54 इंची पन्ह्याचं सव्वादोन मीटर कापड एका बाजूला पुरतं, मधे जोड येत नाही. काठाची जाड किनार मात्र कापून टाकावी, तिथं दोरा ओढला जातो.

आता धोक्याचं. बराचसा पडद्याचा माल पॉलिस्टरचा असतो. दुकानदार "कॉटन हाय" म्हणतो, पण कापडाच्या कडेचे दोन-चार धागे काढून काडी लावून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख पडते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि काळी टणक गोळी होते. दोन्ही प्रकार दिसले तर मिश्र कापड समजा. हे बघणं महत्त्वाचं, कारण आपल्याकडं थंडीत चुलीजवळ, शेकोटीजवळ गोधडी घेऊन बसतात. ठिणगी पडली तर सुती कापडही पेटतं, पण पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं आणि भाजल्याची जखम खोल होते. बाळाच्या दुपट्याला तर हे कापड अजिबात नको. शिवाय त्यात घाम जिरत नाही.

ऊन अडवणाऱ्या ब्लॅकआऊट पडद्याला आणि काही सोफ्याच्या कापडाला मागून रबरासारखा थर दिलेला असतो. कापड उलटं करून हात फिरवला की कळतं. त्यात सुईची भोकं कायमची राहतात, आणि धुऊन धुऊन थर सुटून भुगा पडतो. मखमलीसारखं जाड कापडही सोडा. नुसती गोधडी भिजली तरी दोघींना पिळावी लागते, त्यात हे पाणी धरून बसतं.

सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे घरून सुई-दोरा आणि जुन्या साडीचा तुकडा घेऊन जाणं. तुकड्याची चौपदरी घडी कापडाखाली धरायची आणि धावदोऱ्याचे चार टाके घालून बघायचे. सुई ढकलायला अंगठा दुखला, तर अख्ख्या गोधडीला काय होईल याचा विचार करा. दुसऱ्याच्या गोधड्या मजुरीवर शिवणाऱ्या बायांनी तर कापड बघितल्याशिवाय दर सांगूच नये. गिऱ्हाईक जाड कापड आणतं, काम दुप्पट होतं आणि पैसे तेवढेच मिळतात. मशीनवर शिवायचं असेल तर 16 किंवा 18 नंबरची सुई लावा, बारीक सुई मोडते.

चांगलं कापड कोणतं? सुती केसमेंट मागा. पडदे, चादरींना वापरतात, सुई सहज जाते. अस्तराला मांजरपाट उत्तम. मोठ्या फुलांचं कापड वरच्या बाजूला अखंड लावा. लहान ठिगळं कापली तर फुलाची नुसती पाकळी दिसते.

नवं सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवा. पहिल्या धुण्यात ते 3 ते 5 टक्के आटू शकतं, म्हणजे सव्वादोन मीटरला चार बोटं सहज आत जातात. पोटातलं जुनं कापड आधीच आटलेलं असतं. वरचं एकटंच आटलं की गोधडी आक्रसते, टाके ताणतात. गडद रंगावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग लागला तर तो कपडा वेगळा भिजवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर रंगतं.

आणखी एक, पडद्याच्या दुकानात जुनी नमुन्याची पुस्तकं पडून असतात. कंपनीचा माल बदलला की ती बऱ्याचदा टाकूनच देतात. विचारलं तर स्वस्तात किंवा फुकटही मिळतात. एकाच मापाचे तुकडे असल्यानं चौकडीच्या गोधडीला बरे पडतात. मागं चिकटवलेला कागद कोमट पाण्यात भिजवून काढा आणि जाड-पातळ तुकडे वेगळे लावा. जाडाशेजारी पातळ जोडला तर पातळ तुकडा लवकर फाटतो.