गब्बरसिंगच्या खडकांची जन्मकथा

१९७५ च्या ‘शोले’ चित्रपटातील गब्बरसिंगचे खडक आठवतात? ते बंगळूरजवळच्या रामनगरचे. नाव ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’, वय सुमारे २५० कोटी वर्षे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटींचा. म्हणजे यांच्यापुढे तान्हाच!

भूकवचात खोलवर खडक वितळले. शिलारस भोवतालच्या घन खडकापेक्षा हलका. पाण्यात दाबलेले बूच वर येते तसा तो भेगांतून वर घुसला. पण भूपृष्ठापर्यंत पोहोचलाच नाही. वर खडकांची जाड दुलई, आणि खडक उष्णतेचा मंद वाहक! थराची जाडी दुप्पट झाली की निवायला चौपट वेळ लागतो. त्यामुळे स्फटिकांना वाढण्यास सवड मिळाली. गुलाबी फेल्स्पारचे काही स्फटिक बोटाच्या पेराएवढे आहेत.

हे जमिनीखाली घडले, मग कळले कसे? इथले भूकवच कलले आणि झिजले. दक्षिणेकडे त्याचा खोल भाग उघडा पडला, उत्तरेकडे उथळ. दक्षिणेकडून उत्तरेकडे चालणारा भूवैज्ञानिक जणू शिलारसाच्याच वाटेने वर चढतो! दक्षिणेला ग्रॅनाइट आणि जुने खडक एकमेकांत कालवलेले. उत्तरेला ग्रॅनाइटचे सुटे, रेखीव कडांचे गोळे.

घरच्या ओट्यावर भिंग धरून स्फटिक पाहा. बाजारातला काळा ‘ग्रॅनाइट’ मात्र बहुधा ग्रॅनाइट नसतोच.