गाळ, वाळू आणि ‘मगर’

शिवडीला ओहोटी लागली की काळ्या गाळाचा पट्टा पार आतपर्यंत उघडा पडतो. इथून जवळच, दारूखान्यात जहाजं मोडीत काढतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज जमेल तितकं आत ओढायचं. पाणी उतरलं की ते गाळात बसतं आणि गॅस कटर सुरू होतो. २०१४ मध्ये नौदलाची जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ इथेच तोडायला आली.

जहाज जमिनीला लागलं की एरवी अपघात, नाहीतर अखेर. दुसऱ्या महायुद्धाला मात्र मुद्दाम किनाऱ्यावर चढून रणगाडे उतरवणारं आणि पुन्हा समुद्रात परतणारं जहाज हवं होतं. पेच मोठा होता. महासागरात तग धरायला जहाज खोल बसायला हवं, किनारा गाठायला उथळ. नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकेच्या जॉन नीडरमायर यांनी त्यावर उपाय काढला: पाण्याच्या टाक्या. भर समुद्रात त्या भरायच्या, किनारा आला की उपसायच्या. टाक्या रिकाम्या केलेलं जहाज नाळेकडे जेमतेम तीन फूट पाणी घेई, मागे साडेनऊ. पन्नास फुटांना एक फूट अशा उताराच्या किनाऱ्यावर ते अलगद टेके. टेकण्याआधी मागून नांगर सोडलेला असे. परतताना त्याच्याच दोरावर जहाज स्वतःला मागे ओढून घेई. किती साधी आणि किती अचूक युक्ती!

पण जहाजाइतकाच किनाराही भक्कम लागतो. शिवडीच्या गाळात रणगाडा रुतूनच बसेल. दोस्त राष्ट्रांचं सैन्य जिथे उतरणार होतं, त्या नॉर्मंडीच्या वाळूखालीही मऊ थर असल्याची शंका होती. म्हणून ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक जर्मनांच्या नाकाखाली पोहत गेले आणि तिथली वाळू नळ्यांत भरून घेऊन आले.

भारताची पहिली ‘मगर’ ही युद्धनौका रणगाडे उतरवणाऱ्या याच जहाजांच्या कुळातली. ती मूळची ब्रिटिशांची ‘अ‍ॅव्हेंजर’. ब्रिटनला डिझेल इंजिनं पुरेशी मिळेनात, म्हणून तिच्या वर्गातल्या जहाजांना वाफेची बसवली होती. १९४९ मध्ये ती भारतीय नौदलात आली आणि १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’बरोबर पूर्वेच्या ताफ्यात होती.

त्याच ताफ्यातल्या, पोलंडमध्ये बांधलेल्या ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ डिसेंबरच्या मध्याला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारजवळ सैन्य उतरवायला गेल्या. मोहीम घाईत आखलेली, किनारा अनोळखी. जहाज टेकलं ते पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर. त्यापुढे पुन्हा खोल पाणी. उतरायची फळी खाली आली आणि पाठीवर ओझं घेतलेले गुरखा जवान पुरुषभर पाण्यात उतरले. काही बुडाले. उरलेल्यांना पुढे स्थानिक होड्यांतून किनाऱ्यावर न्यावं लागलं.