ईश्वराचा न्याय आणि ईश्वराची प्रीती

देव कसा आहे, या प्रश्नाचे उत्तर मनुष्य बहुधा संकटाच्या वेळी देतो, आणि त्या वेळी ते अर्धेच असण्याचा संभव फार. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे आपल्या भिवंडीत पटेल कंपाउंडातील एक तीन मजली इमारत कोसळली व पस्तिसांहून अधिक माणसे निजल्या ठिकाणी किंवा पुढे ढिगाऱ्याखाली मरण पावली. अशा प्रसंगी दोन प्रकारचे उद्गार कानी पडतात. कोणी म्हणतो, 'हा पापाबद्दल देवाचा कोप.' कोणी म्हणतो, 'देवाची इच्छा. आता कोणास दोष देऊ नये.' पहिल्याच्या मते देव म्हणजे केवळ फौजदार. दुसऱ्याच्या मते नातवंडांच्या खोड्यांकडे कानाडोळा करणारा आजोबा. ही दोन्ही मते शास्त्रास धरून नाहीत, असे आम्हांस वाटते.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात असाच प्रसंग आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे ठार झाली होती. ती माणसे यरुशलेमेतील इतरांहून अधिक पापी होती काय, असे प्रभूने विचारले आणि स्वतःच 'नाही' असे उत्तर दिले. मृतांच्या कपाळी पापाचा शिक्का मारण्याचा अधिकार येथे आपल्या हातून काढून घेतला आहे. परंतु त्याच श्वासात प्रभूने जिवंत श्रोत्यांस पश्चात्ताप करण्यास बजावले, आणि लगेच अंजिराच्या झाडाचा दाखला दिला. फळ न देणाऱ्या त्या झाडावर कुऱ्हाड यावयाची असते. तथापि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो, आणि मुळाशी खणून खत घालण्याचे श्रम स्वतः पत्करतो. कुऱ्हाड खरी आहे आणि मुदतही खरी आहे.

आता दुसऱ्या मताकडे पाहू. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे: नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी खाली पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरास लागेल. जो देव घराच्या कठड्याचीही विचारपूस करतो, तो कच्च्या भिंतीचा व फुगलेल्या भाड्याचा हिशेब घेणार नाही काय? निष्काळजीपणास 'देवाची इच्छा' म्हणणे ही भक्ती नव्हे, तर देवावर तोहमत घेणे होय.

न्याय व दया यांचे मिश्रण अर्धा शेर हे आणि अर्धा शेर ते अशा मापाने होत नाही. देवाची प्रीती दुर्बळावर आहे, म्हणूनच दुर्बळावरील अन्याय त्यास खपत नाही. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशेस देवाचे स्वरूप प्रगट झाले, तेव्हा मंदक्रोध व क्षमाशील हे बोल आणि अपराधाची गय न करणारा हा बोल एकत्रच उच्चारले गेले. वधस्तंभाकडे पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो: तेथे पाप क्षुल्लक ठरविले गेले नाही, आणि पाप्यास टाकूनही दिले गेले नाही, त्याचा भार देवाने आपणावर घेतला.

असे ज्ञान आचरणात कसे उतरते, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. त्यांचे आईवडील दुष्काळाच्या हालअपेष्टांत निवर्तले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील निराधार मुलींस पाहून 'हे कोणाच्या पापाचे फळ' असा खल करीत त्या बसल्या नाहीत. त्यांनी शेकडो मुलींस आश्रय दिला व केडगावी मुक्तिसदन उभारले. त्याच १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी विटंबना त्यांनी वृत्तपत्रातून सरकारच्या पदरी निर्भयपणे घातली. ज्या हाताने अन्न वाढले, त्याच हाताने तक्रार लिहिली.

विद्यार्थिमित्रहो, देवाविषयीची आपली कल्पना जशी, तसे आपण शेजाऱ्याशी वागतो. केवळ फौजदार देव मानणारा मनुष्य पडलेल्यास लाथ मारतो. केवळ आजोबा मानणारा पाडणाऱ्यास मोकळा सोडतो. म्हणून पुन्हा कोठे भिंत पडल्याचे ऐकाल, तेव्हा प्रथम ढिगारा उपसावयास धावा, शोक करणाऱ्यांजवळ मुकाट्याने बसा, आणि नंतर ती भिंत का पडली हे विचारण्यास भिऊ नका. या तिन्ही गोष्टींत देवाचीच सेवा आहे.