बकरीचा बिल्ला आणि दुधाचा थेंब

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईची विम्याची बकरी मेली. दावा केला, पण कागद परत आले. विमा काढताना आम्ही संध्याकाळी कोठ्यात फोटो काढला होता. त्यात कानातल्या बिल्ल्याचा नंबरच पुसट आला होता. चूक आमचीच होती. तेव्हापासून आम्ही उजेडाचा हिशोब शिकलो.

फोटो म्हणजे उजेडाने भरलेला गुंड. नळाची धार बारीक असली, तर गुंड भरायला वेळ लागतो. उजेड कमी असला की कॅमेराही झडप जास्त वेळ उघडी ठेवतो. तेवढ्यात बकरी कान हलवते. समजा, कान सेकंदाला ३० सेंटीमीटर हलतो. झडप सेकंदाचा १५ वा भाग उघडी राहिली, तर कान २ सेंटीमीटर सरकतो आणि नंबर पुसला जातो. भर उन्हात हजारावा भागही पुरतो. तेवढ्यात कान अर्धा मिलिमीटरही सरकत नाही.

शास्त्रज्ञांनाही हीच अडचण होती. अमेरिकेतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये दुधाचा थेंब पडून मुकुटासारखा उसळतानाचा रंगीत फोटो फिल्मवर घेतला. एवढी वेगाची गोष्ट टिपायची, तर वेळ अगदी थोडा हवा. वेळ थोडा म्हणजे फिल्मला उजेडही थोडाच मिळणार. म्हणून त्यांनी अंधारात विजेचा फार प्रखर लखलखाट केला, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळ. वेळ कापला, तेवढा उजेड वाढवला.

उजेड वाढवायला यंत्रच लागतं असं नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. त्या काळी चित्रीकरण उन्हावर चाले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत आणि उजेड नटांच्या अंगावर वळवत. फिल्म धुण्याचं कामही त्या शिकल्या होत्या.

आपणही तेच करू. बकरी दिवसा अंगणात आणू. ऊन आपल्या पाठीशी ठेवू. एकीने कान धरायचा, दुसरीने सावलीच्या बाजूने पांढरं लुगडं धरायचं, तिसरीने कोपरं अंगाला टेकवून फोटो काढायचा. बिल्ला चमकत असेल तर फोन थोडा तिरपा धरायचा. मग फोटो मोठा करून नंबर मोठ्याने वाचायचा. वाचता आला तरच बकरी सोडायची.