परिचारिकेची खरी शाळा वस्तीवर

दसरा-दिवाळीच्या सुमारास शेवगाव-पाथर्डी भागातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला निघतात. त्यांत गरोदर बायाही असतात. गाव सुटलं की तपासणी, रक्तवाढीच्या गोळ्या, बाळाच्या लसी सगळंच सुटतं.

गावातच माणूस तयार केला तर काय होतं, हे याच जिल्ह्यातल्या जामखेडने दाखवलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तिथे अल्पशिक्षित, निरक्षर बायांना शिकवलं. त्या गरोदरपणातला धोका ओळखू लागल्या, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी देऊ लागल्या.

परिचारिका होणाऱ्या मुलींनाही हेच शिकायला हवं. सलाईन वॉर्डात लावता येतं. पण ‘कोणत्या कारखान्यावर जाणार, परत कधी येणार?’ हा प्रश्न वस्तीवरच सुचतो. टोळी निघण्याआधी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासावं. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यायच्या लोहाच्या गोळ्यांपैकी उरलेल्या सोबत द्याव्यात. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असेल, तर कोयता बाजूला आणि आधी दवाखाना. माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात आठवणीने ठेवायला सांगावं. ते पाहूनच कारखान्याजवळची आरोग्यसेविका पुढचे उपचार चालू ठेवू शकते.