कणा असलेले आणि कणा नसलेले

मृगाचा पाऊस पडून गेला, की जमिनीतील भेगांत पाणी शिरते आणि एरवी दृष्टीस न पडणारे अनेक जीव वर येतात. छत्रपती संभाजीनगरातील औरंगपुऱ्यासारख्या गजबजलेल्या वस्तीतही, जेथे थोडे अंगण किंवा तुळशीची ओली माती आहे, तेथे अशा वेळी दोन जीव दिसू शकतात. एक गांडूळ आणि दुसरा वाळा. दोघेही वीतभर लांब, सुतळीसारखे बारीक आणि तपकिरी रंगाचे. पाय दोघांनाही नाहीत. प्रथमदर्शनी कोणीही त्यांना सख्खे भाऊच म्हणेल. परंतु वाळा हा साप आहे. आणि प्राणिशास्त्र असे सांगते, की त्याचे नाते गांडुळापेक्षा आपल्याशी, म्हणजे माणसांशी, अधिक जवळचे आहे! हे कसे, ते आता पाहू.

मंडईत पालेभाज्या एकीकडे, कंद एकीकडे आणि फळे तिसरीकडे मांडलेली असतात. अशी मांडणी नसती, तर हवी ती वस्तू सापडणे कठीण झाले असते. पृथ्वीवर प्राण्यांच्या दहा लाखांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांचा अभ्यास करावयाचा, तर त्यांचीही मांडणी हवी. तिलाच वर्गीकरण म्हणतात.

आपल्या पूर्वजांनी सजीवांच्या चार खाणी मानल्या होत्या: जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज. जीव जन्मास कसा येतो, ही त्यांची कसोटी होती. परंतु अंड्यातून निघणारे सर्व एकत्र बसविले, तर मोर, मासा आणि मुंगी एकाच पंगतीत येतात. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने सुमारे २३०० वर्षांपूर्वी प्राण्यांचे रक्तयुक्त आणि रक्तहीन असे दोन भाग केले. पण गांडुळाचे रक्तही तांबडेच असते! तेव्हा ही कसोटीही अपुरी ठरली.

स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली प्राण्यांचे सहा वर्ग सांगितले. त्यांपैकी चार वर्ग हाडांचा सांगाडा असलेल्यांना मिळाले. उरलेले सारे त्याने कीटक आणि कृमी अशा दोनच वर्गांत कोंबले. पुढे १७९३ साली पॅरिसच्या संग्रहालयात ह्या दोन वर्गांचे अध्यापन लामार्क याच्याकडे आले. तोवर तो वनस्पतींचा अभ्यासक म्हणून प्रसिद्ध होता आणि वयाने पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. तरीही त्याने हा दुर्लक्षित विषय निष्ठेने अभ्यासला आणि १८०१ साली कणा नसलेल्या प्राण्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाठीचा कणा आहे किंवा नाही, ही कसोटी त्याच्यामुळे रूढ झाली.

तुम्ही आपल्या पाठीवरून मध्यभागी बोट फिरवून पाहा. लहानलहान उंचवटे हातास लागतील. ते मणके होत. जन्मतः आपल्याला ३३ मणके असतात. पुढे खालचे काही एकमेकांस जुळतात आणि मोठ्या माणसाच्या कण्यात २६ हाडे उरतात. ह्या मणक्यांच्या नळीतून मेंदूपासून निघालेला मेरुरज्जू सुरक्षितपणे खाली जातो. ज्यांना असा कणा असतो, ते पृष्ठवंशीय प्राणी. मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन असे त्यांचे पाच गट मानतात. गोदावरीतील मासा, डबक्यातील बेडूक, भिंतीवरची पाल, नाथसागरावर हिवाळ्यात उतरणारा रोहित पक्षी आणि लेण्यांत उलटे लटकणारे वटवाघूळ हे बाह्यतः किती निराळे! पण कणा सर्वांना आहे. वीतभर वाळ्यालाही शंभराहून अधिक मणके असतात.

गांडुळाच्या शरीरात एकही हाड नाही. त्याचे अंग वलयांचे बनलेले असून त्या वलयांतील द्रवाच्या दाबामुळे त्यास आकार आणि बळ मिळते. त्याचा मुख्य चेतातंतू पाठीतून न जाता पोटाच्या बाजूने जातो. असे कणा नसलेले प्राणी म्हणजे अपृष्ठवंशीय. विंचू आणि खेकडा कठीण कवच अंगावरच वागवितात, गोगलगाय शंख पाठीवर घेऊन फिरते, तर जळूला असे कोणतेच कवच नसते. मात्र हे सर्व एका कुळातील आहेत असे समजू नका; कणा नाही म्हणून त्यांची एकत्र मोट बांधली आहे, इतकेच. प्राण्यांच्या शंभर जाती घेतल्या, तर त्यांतील पंचाण्णवांहून अधिक ह्याच मोटेतील निघतात.

हे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नाही. वाळ्याला विषारी सापाचे पिल्लू समजून अनेकदा चिरडले जाते. वास्तविक तो मुंग्यांची आणि वाळवीची अंडी व अळ्या खाऊन राहतो. माणसास त्याच्यापासून कोणताही अपाय होत नाही. नीट पाहिले, तर त्याच्या अंगावर बारीक, चकचकीत खवले दिसतात आणि तो जीभ बाहेर काढतो. गांडुळाचे अंग ओलसर असते, त्यावर वलये असतात आणि त्यास जीभ नसते. तथापि, साप कोणताही असो, तो हाती धरू नये. दुरून पाहावा आणि मोठ्या माणसांना सांगावे.

ज्याला अन्यायापुढे ताठ उभे राहता येत नाही, त्याला आपण ‘कणा नसलेला’ म्हणतो. ही भाषेची रीत झाली. तिच्यावरून प्राण्यांची योग्यता ठरवू नये. चार्ल्स डार्विन याने आपला अखेरचा ग्रंथ १८८१ साली गांडुळांवर लिहिला आणि जमीन सुपीक करण्यात त्यांचा वाटा किती मोठा आहे, हे दाखवून दिले. पिके फळास येतात, त्यांत मधमाश्यांचे मोठे साहाय्य असते. पैठणीचे आणि आपल्या शहराच्या हिमरूचे रेशीम ज्या किड्याने कातले, त्यालाही कणा नव्हता.