मुलाच्या नागरिकत्वाचा अर्ज : ओळख कोणाची घ्यावी, कागद कोणते जोडावेत?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. १९२१ साली आणि डी.एस्सी. १९२३ साली मिळविली. आज त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून आपल्या समाजातील अनेक मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी ब्रिटनला जातात. काही जण तेथेच संसार थाटतात. त्यांना मुले होतात आणि मग एक दिवस इकडे आजी-आजोबांना फोन येतो, "आमच्या लग्नाचा दाखला शोधून ठेवा, नातवाच्या नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे." हा अर्ज कसा असतो, याची माहिती सभासदांना व परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. ब्रिटनमध्ये जन्मलेले मूल आपोआप ब्रिटिश नागरिक होते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १९८१ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा १ जानेवारी १९८३ पासून अमलात आला. तेव्हापासून जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी एक जण ब्रिटिश नागरिक असावा लागतो किंवा त्याला तेथे कायम वास्तव्याची परवानगी असावी लागते. तशी नसेल, तर मूल तेथे जन्मूनही परदेशीच राहते. ही गोष्ट कित्येकांना मूल कॉलेजात जाण्याच्या वेळी कळते.

यावर कायद्यात तीन मार्ग आहेत. जन्मानंतर आई किंवा वडिलांना कायम वास्तव्याची परवानगी मिळाली, तर मूल अठरा वर्षांचे होण्यापूर्वी नोंदणीचा अर्ज करता येतो व तो मुलाचा हक्क असतो. दुसरा मार्ग, तेथे जन्मून पहिली दहा वर्षे तेथेच वाढलेल्या मुलाचा. त्यात आईवडिलांचा दर्जा पाहिला जात नाही, मात्र त्या दहांपैकी कोणत्याही वर्षी मूल नव्वद दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर नसावे, असा सर्वसाधारण नियम आहे. उन्हाळ्यात नातवंडांना लांब मुक्कामाला बोलावणाऱ्या आजी-आजोबांनी हा आकडा लक्षात ठेवावा. तिसरा मार्ग भारतात जन्मून लहानपणी तिकडे गेलेल्या मुलांचा. तेथे मंजुरी देणे न देणे गृहखात्याच्या अखत्यारीत असते. पहिल्या व तिसऱ्या मार्गासाठी 'एमएन-१' आणि दुसऱ्यासाठी 'टी' हा अर्ज असतो.

आता ओळख देणाऱ्यांविषयी. या अर्जावर दोन व्यक्तींची ओळख लागते. त्यांना तेथे रेफरी म्हणतात. आम्ही बँकेत कारकुनी करतो. पूर्वी आमच्याकडे खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. लोक गावातील सर्वांत मोठा माणूस शोधत. पण अर्जदाराला खरोखर ओळखणारा शेजारचा किराणा दुकानदारच बँकेच्या उपयोगी पडत असे. येथेही तोच न्याय आहे.

एक रेफरी मुलाशी कामाच्या नात्याने संबंध आलेला व्यावसायिक असावा, जसे शिक्षक, आरोग्यसेविका, समाजसेवक किंवा धर्मगुरू. त्याचे राष्ट्रीयत्व कोणतेही चालते. म्हणजे मूल दर रविवारी ज्या विहारात धम्मवर्गाला जाते, तेथील भन्तेजी श्रीलंकेचे असोत की नागपूरचे, ते रेफरी होऊ शकतात. दुसरा रेफरी सामान्यतः ब्रिटिश पासपोर्टधारक असावा लागतो आणि तो व्यावसायिक असावा किंवा त्याचे वय पंचवीसच्या पुढे असावे.

कोण चालत नाही, हेही पाहावे. काका, मामा, आत्या असे नातेवाईक चालत नाहीत. दोन्ही रेफरी एकमेकांचे नातेवाईक नसावेत, म्हणून विहारातील पतिपत्नीची जोडी घेऊ नये. अर्जाचे काम पाहणारा वकील चालत नाही आणि गृहखात्याचा कर्मचारीही चालत नाही. संस्थेचा अध्यक्ष केवळ पदामुळे योग्य ठरत नाही. ज्याने मुलाला दोनदाच पाहिले आहे, त्याला सही मागून आपण त्याच्या चौथ्या शीलाची परीक्षा पाहत असतो. जाणूनबुजून खोटी ओळख देणे हा तेथे दंडनीय गुन्हा आहे. वर्गशिक्षिका ही साधी बाई असेल, पण मूल तिच्यासमोर रोज बसते. तिची सही अधिक मोलाची.

कागदपत्रांचेही असेच आहे. ढीग नको, जुळणारे कागद हवेत. मुलाचा आईवडिलांच्या नावांसह असलेला पूर्ण जन्मदाखला, आई किंवा वडिलांच्या कायम वास्तव्याचा पुरावा, पासपोर्ट असल्यास तो, आणि वडिलांच्या आधारे अर्ज असेल तर विवाहाचा दाखला. दहा वर्षांच्या मार्गात शाळेचे पत्र, डॉक्टरांकडील नोंदी, लसीकरणाचे पुस्तक अशा प्रत्येक वर्षाच्या खुणा लागतात. केवळ मराठीत असलेल्या कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

आपल्या लोकांची गाडी अडते ती दोन ठिकाणी. पहिले ठिकाण विवाहाचे. बौद्ध पद्धतीने विहारात मंगल परिणय होतो, पण शासकीय नोंदणी राहून जाते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी करता येते. ती लग्नानंतर लगेच करून घ्यावी. दुसरे ठिकाण नावाचे. वाघमारे हे आडनाव एका कागदावर इंग्रजीत 'डब्ल्यू'ने, तर दुसऱ्यावर 'व्ही'ने लिहिलेले असते. आईच्या पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. धर्मांतरानंतर काही घराण्यांनी आडनावेही बदलली. अशा वेळी नावबदलाचे राजपत्र अगोदरच काढून ठेवावे.

हे सारे इतके बारकाईने का पाहायचे? कारण शुल्क मोठे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुलाच्या अर्जाचे शुल्क १,२१४ पौंड करण्यात आले होते आणि अर्ज नामंजूर झाला तर ते परत मिळत नाही. ज्यांना खरोखर परवडत नाही, त्यांच्या मुलांसाठी जून २०२२ पासून शुल्कमाफी मागण्याची सोय आहे, हे गरजूंनी विसरू नये. शिवाय वय थांबत नाही. आईवडिलांच्या परवानगीवर आधारलेला हक्क अठराव्या वर्षी संपतो. पुढे प्रौढांच्या वाटेने जावे लागते, परीक्षाही द्यावी लागते.

एक गोष्ट आईवडिलांनी मिळून ठरवावी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मुलाने ब्रिटिश नागरिकत्व घेतले, की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. मग परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणजे ओ.सी.आय. कार्ड घेता येते, पण त्यावर मतदानाचा हक्क नसतो.

आपल्या संविधानाचा दुसरा भाग, अनुच्छेद ५ ते ११, नागरिकत्वाविषयीच आहे. माणसाला हक्क मिळतात ते नागरिक म्हणून, याची जाण आपल्याइतकी कोणाला असणार? तेव्हा मूल लहान असतानाच एक फाईल करावी, तिच्यात प्रत्येक कागद ठेवावा, आणि मुलाच्या शिक्षिकेशी व भन्तेजींशी संबंध जिवंत ठेवावा. नियम व शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी ब्रिटिश गृहखात्याची चालू मार्गदर्शिका अवश्य वाचावी. आपल्या सभासदांच्या नातवंडांपैकी एकाचाही हक्क कागदाअभावी बुडू नये, एवढीच आमची सदिच्छा.

जय भीम! नमो बुद्धाय!